कॅमेऱ्यातले फोटो वायफायने मोबाईलवर येईनात, तेव्हा काय काय तपासायचं

लग्नसराई सुरू झाली की परभणीतल्या माझ्या स्टुडिओत ही तक्रार घेऊन कुणी ना कुणी येतंच. गंगाखेड, सेलू, मानवत, जिंतूरकडची फोटोग्राफर मंडळी तर मंगल कार्यालयातूनच फोन लावतात, "भाऊ, क्यामेरा जोडायलाय अन् लगेच तुटायलाय, फोटो येईनाच गेलेत." ऐकायला तक्रार एकच, पण आतली कारणं वेगवेगळी असतात. म्हणून आधी लक्षण नीट ओळखा.

लक्षणं

- मोबाईलमधल्या अ‍ॅपला कॅमेरा दिसतच नाही.
- कॅमेऱ्याचं वायफाय जोडलं जातं, पण अर्ध्या-एक मिनिटात आपोआप सुटतं.
- वर वायफायची खूण दिसते, तरी अ‍ॅप म्हणतं की कॅमेरा सापडला नाही.
- फोटो येतात, व्हिडिओ येत नाहीत. किंवा येतात, पण मोबाईलवर चालत नाहीत.
- फोटो येतात, पण मोठे करून पाहिले की फुटतात.
- घरी सुरळीत चालतं, मंगल कार्यालयात रखडतं.
- कालपर्यंत चालू होतं, मोबाईलचं अपडेट झाल्यापासून बंद.
- कॅमेऱ्याच्या मेनूत वायफायची ओळच करडी पडली आहे, निवडता येत नाही.

शेवटचं लक्षण सोडलं तर बाकीच्या सगळ्यांत कॅमेरा बहुतेक वेळा ठणठणीत असतो. दोष मोबाईलच्या एखाद्या सेटिंगमध्ये किंवा दोघांच्या जुन्या ओळखीत असतो. तरीही लोक पहिल्या दिवशी कॅमेरा दुरुस्तीला टाकतात, नाहीतर सगळं रीसेट मारून स्वतः बसवलेली रंगांची, फोकसची सेटिंग घालवून बसतात. हे टाळता यावं म्हणूनच एवढं लिहितो आहे.

सगळ्यांत आधी कार्ड सांभाळा

फोटो पाठवताना अडलं तर कार्डावरचे फोटो जागेवर असतात. वायफायने जाते ती प्रत, मूळ फाइल कार्डातच राहते. तेव्हा घाबरून कार्ड फॉरमॅट करू नका, आणि "एकदा फॉरमॅट मारून बघा" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. हळद, अक्षता, पाठवणी यांतलं काहीच पुन्हा होणार नाही. ते सगळे फोटो दुसऱ्या जागी पूर्ण आकारात उतरलेले डोळ्यांनी बघेपर्यंत कार्डाला हात लावायचा नाही.

जोडणी होते कशी

हे दोन मिनिटं समजून घेतलं की पुढच्या तपासण्या पाठ कराव्या लागत नाहीत. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत ब्लूटूथ आणि वायफाय दोन्ही असतात. ब्लूटूथ कमी वीज खातं, म्हणून ते सतत चालू राहून मोबाईलशी ओळख टिकवून ठेवतं. फोटो न्यायची वेळ आली की कॅमेरा स्वतःचं छोटं वायफाय सुरू करतो आणि मोबाईल त्याला जोडला जातो. या वायफायवर इंटरनेट नसतं, ते फक्त कॅमेरा आणि मोबाईल यांच्यापुरतं असतं. निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ याच एका गोष्टीत आहे, कारण आजच्या मोबाईलला इंटरनेट नसलेलं वायफाय म्हणजे बिघडलेलं वायफाय वाटतं.

कॅमेऱ्याच्या बाजूच्या साध्या गोष्टी

बॅटरी किती आहे ते बघा. वायफायला वीज लागते आणि बॅटरी उतरलेली असली की काही कॅमेरे वायफाय चालूच करत नाहीत. मेनूत एअरप्लेन मोड बंद आहे ना ते बघा. मोबाईलसारखाच तो कॅमेऱ्यातही असतो, आणि बॅटरी वाचवायला कुणीतरी लावून ठेवतं. यूएसबी किंवा एचडीएमआयची वायर लागलेली असली तर काढा. बऱ्याच मॉडेलांत वायर जोडलेली असताना वायफायची ओळ करडी पडते, आणि काही मॉडेलांत टाइमलॅप्स किंवा मल्टिपल एक्सपोजर चालू असतानाही पडते. ऑटो पॉवर ऑफ एक मिनिटावर असेल तर पाच-दहा मिनिटांवर न्या, नाहीतर अर्धे फोटो गेले की कॅमेरा झोपतो.

याला पैसाही लागत नाही आणि वेळही लागत नाही. करडी ओळ एवढ्यानेच परत उजळते, असं मी कितीतरी वेळा पाहिलं आहे.

मोबाईल कॅमेऱ्याला सोडून पळतो आहे का?

जोडलं आणि तुटलं, हे लक्षण असेल तर इथंच थांबून नीट बघा.

कार्यालयात काय होतं ते सांगतो. नवरीचा भाऊ मोबाईल पुढं करतो, "दादा, दोन फोटो टाका ना, स्टेटसला ठेवायचेत." फोटोग्राफर त्याच्या मोबाईलवर कॅमेऱ्याचं वायफाय जोडून देतो. दहा-पंधरा सेकंदांनी स्क्रीनवर वरून एक पट्टी उतरते. या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरी जोडलेलं राहायचं का, असं ती विचारत असते. त्याच वेळी व्हॉट्सअ‍ॅपच्या दहा पट्ट्या वर आलेल्या असतात, आणि तो अंगठ्यानं सगळ्या एका झटक्यात उडवतो. उत्तर मिळालं नाही म्हणून मोबाईल कॅमेऱ्याचं वायफाय सोडतो आणि मोबाईल डेटावर जातो. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर 'जोडणी तुटली' एवढंच दिसतं, आणि दोष कॅमेऱ्यावर येतो.

उपाय असा. फोटो घेईपर्यंत मोबाईल डेटा बंद ठेवा. पट्टी आली की 'हो' म्हणा, आणि 'पुन्हा विचारू नका' अशी चौकट असेल तर तीही टिचकवा. बऱ्याच अँड्रॉइड मोबाईलांत वायफायच्या प्रगत सेटिंगमध्ये, वायफाय कमकुवत वाटलं की आपोआप मोबाईल डेटावर जाण्याची सोय असते. ती तेवढ्यापुरती बंद करा. आयफोनमध्ये तीच सोय वायफाय असिस्ट नावानं, मोबाईल डेटाच्या सेटिंगमध्ये अगदी खाली आहे.

घरी किंवा दुकानात बसून करत असाल तर आणखी एक पळवाट असते. मोबाईलला घरच्या राउटरची ओळख असते, त्यावर इंटरनेट असतं, म्हणून तो कॅमेऱ्याला सोडून तिकडं जातो. घरच्या वायफायचं 'आपोआप जोडा' हे काही वेळ बंद ठेवलं की थांबतो.

व्हीपीएनचं अ‍ॅप चालू असेल तर तेही बंद करा. व्हीपीएन मोबाईलची सगळी वाहतूक इंटरनेटवरच्या दुसऱ्या ठिकाणाकडं वळवतो, आणि कॅमेरा तर इंटरनेटवर नसतोच. त्यामुळे वायफाय जोडलेलं दिसतं, पण अ‍ॅपला कॅमेरा सापडत नाही.

परवानग्या

अ‍ॅप पहिल्यांदा उघडताना ते चार-पाच गोष्टी विचारतं आणि आपण घाईत 'नाही' दाबतो. मग महिनोन्‌महिने ते तसंच आंधळं राहतं.

अँड्रॉइडवर ११ पर्यंतच्या आवृत्त्यांत जवळचं ब्लूटूथ उपकरण शोधायला लोकेशनची परवानगी लागते, आणि लोकेशन चालूही असावं लागतं. फोटो घ्यायला लोकेशन कशाला, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. आजूबाजूची वायफाय आणि ब्लूटूथ उपकरणं कळली की माणूस कुठं आहे हेही ताडता येतं, म्हणून त्यांचा शोध घेणं लोकेशनच्या परवानगीखाली ठेवलेलं होतं. अँड्रॉइड १२ पासून यासाठी 'जवळपासची डिव्हाइस' अशी वेगळी परवानगी आली. जुना मोबाईल ११ वरून १२ किंवा १३ वर गेला की काही वेळा ही परवानगी नव्यानं द्यावी लागते, आणि 'अपडेटनंतर बंद पडलं' या तक्रारीत मी पहिल्यांदा तीच बघतो. शिवाय अँड्रॉइड १० पासून अ‍ॅप गुपचूप वायफाय बदलू शकत नाही. मधेच एक खिडकी उघडते, तिच्यात कॅमेऱ्याचं नाव येतं आणि त्यावर बोट ठेवावं लागतं. पुष्कळजण ती खिडकी उघडी ठेवून वाट बघत बसतात.

आयफोनवर आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, 'स्थानिक नेटवर्क' ही परवानगी आहे. ती नाकारलेली असेल तर वायफायची खूण दिसेल, पासवर्ड बरोबर असेल, तरी अ‍ॅपला कॅमेरा मिळणार नाही. सेटिंगमध्ये गोपनीयतेच्या पानावर स्थानिक नेटवर्क उघडा आणि कॅमेऱ्याच्या अ‍ॅपसमोरचं बटण चालू करा.

बॅटरी सेव्हरही तेवढ्या वेळापुरता काढा. काही मोबाईल स्क्रीन बंद झाली की मागचं अ‍ॅप मारतात, त्यामुळे मोठा व्हिडिओ घेताना मोबाईल खिशात न टाकता समोर, स्क्रीन चालू ठेवूनच ठेवावा.

नेमकं काय पाठवताय?

व्हिडिओ न येणं आणि फोटो फुटणं, या दोन तक्रारींत पुष्कळदा बिघाड काहीच नसतो.

आधी फोटो. काही अ‍ॅप मुद्दाम लहान प्रत आणतात, कारण ती लवकर येते. निकॉनच्या स्नॅपब्रिजमध्ये ब्लूटूथवरून आपोआप येणाऱ्या प्रती २ मेगापिक्सेलच्या असतात. सोनीच्या अ‍ॅपमध्येही प्रतीचा आकार निवडायचा पर्याय आहे, आणि तो २ मेगापिक्सेलवर असला की २४ मेगापिक्सेलचा कॅमेराही तेवढंच पाठवतो. स्टेटसला ती पुरते, १२ × ३६ इंचाच्या छापील करिझ्मा अल्बमला अजिबात पुरत नाही. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'मूळ आकार' निवडा. रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची फाइल निवडली असेल तर काही अ‍ॅप तिची जेपीईजी करून पाठवतात आणि काही ती पाठवतच नाहीत. ज्याला मोबाईलवर लगेच फोटो द्यायचे आहेत त्यानं कॅमेरा रॉ अधिक जेपीईजीवर ठेवावा.

मोबाईलवर स्वच्छ आलेला फोटो पाहुण्यांकडं जाताना धुरकट होत असेल तर ते व्हॉट्सअ‍ॅपचं काम आहे. ते फोटो दाबून लहान करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते.

आता व्हिडिओ. फोरके व्हिडिओ १०० मेगाबिट प्रतिसेकंद वेगानं काढला तर एका मिनिटाचे साधारण ७५० मेगाबाइट होतात. कॅमेऱ्याचं वायफाय प्रत्यक्षात सेकंदाला ३ मेगाबाइट देतं असं धरा, म्हणजे एका मिनिटाच्या व्हिडिओला चार मिनिटांहून जास्त वेळ लागणार. दहा मिनिटांची वरात घ्यायची तर चाळीस मिनिटं कॅमेरा आणि मोबाईल शेजारी धरून बसा. तीच फाइल चांगल्या कार्ड रीडरनं यूएसबी ३ वर दीड-दोन मिनिटांत उतरते. माझं मत स्पष्ट आहे: वायफाय हे निवडक फोटो आणि छोट्या क्लिपसाठी वापरावं, लांब व्हिडिओसाठी कार्ड रीडरच घ्यावा.

व्हिडिओ अ‍ॅपच्या यादीतच दिसत नसेल तर त्याचा प्रकार बघा. जुन्या हँडीकॅम पद्धतीचा एव्हीसीएचडी प्रकार बऱ्याच अ‍ॅपना चालत नाही, एमपी४ चालतो. आणि व्हिडिओ आला पण मोबाईलवर काळा पडदा दिसतो किंवा नुसता आवाज येतो, तर तो १० बिट ४:२:२ या जास्त रंगमाहितीच्या प्रकारात काढलेला असण्याची शक्यता मोठी. पुष्कळ मोबाईलांना तो उलगडता येत नाही. फाइल चांगली असते, ती संगणकावर उघडा.

कार्डावर हजारो फोटो साठलेले असतील तर अ‍ॅप यादी भरतानाच अडकल्यासारखं वाटतं. अशा वेळी मोबाईलवरून शोधू नका. कॅमेऱ्यातच फोटोंना ताऱ्यांची खूण (रेटिंग) द्या किंवा पाठवण्यासाठी खूण करा आणि तेवढेच पाठवा.

जागा आणि ऊन

घरी चालतं आणि कार्यालयात चालत नाही, याचं कारण हवेत असतं. पुष्कळ कॅमेऱ्यांचं वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. ब्लूटूथही तिथंच, बहुतेकांचे हॉटस्पॉट तिथंच, कार्यालयाचे वायफाय सीसीटीव्हीही तिथंच. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. पाचशे पाहुण्यांच्या गर्दीत तीन चॅनेल किती पुरणार? त्यात माणसाच्या अंगातलं पाणी या लहरी शोषतं, त्यामुळे गर्दीच्या मधोमध कॅमेरा गळ्यात आणि मोबाईल दुसऱ्याच्या हातात असला की जोडणी लडखडते.

तेव्हा स्टेजपासून दूर जा. जेवणाच्या हॉलमागं, सामानाच्या खोलीत, कुठंही चालेल. कॅमेरा आणि मोबाईल एका हातावर ठेवा, मधे माणूस किंवा लोखंडी कपाट नको. कॅमेऱ्यात ५ गिगाहर्ट्झचा पर्याय असेल तर तो लावून बघा, तिथं गर्दी कमी असते. मात्र तो भिंतीतून कमी जातो आणि मोबाईलनंही त्याला साथ द्यावी लागते.

ऊन हा आमच्याकडचा खास विषय. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तकात कामाचं तापमान ० ते ४० अंश सेल्सियस दिलेलं असतं. परभणी, नांदेड, जालन्यात मे महिन्यात सावलीतला पारा ४२-४३ च्या वर जातो. आधीच फोरके काढून तापलेला कॅमेरा, त्यात वायफाय चालू केलं की तो स्वतःला वाचवायला बंद पडतो. स्क्रीनवर तापमापकाची खूण आली असेल तर सेटिंगमध्ये काही शोधू नका. कॅमेरा बंद करा, बॅटरी काढा, स्क्रीन बाहेर उघडून सावलीत ठेवा. कूलरच्या तोंडाशी मात्र धरू नका, कूलरची हवा ओलसर असते आणि तापलेल्या यंत्राला ती नको. गाडीच्या डॅशबोर्डवर तर कॅमेरा कधीच ठेवू नका.

दुसरा मोबाईल लावून बघा

इथपर्यंत जमलं नाही तर घरातल्या कुणाचाही दुसरा मोबाईल घ्या, शक्यतो वेगळ्या कंपनीचा, आणि त्यात अ‍ॅप टाका. ही तपासणी मला सगळ्यांत मोलाची वाटते, कारण इथून वाट दोन्हीकडं फुटते. दुसऱ्या मोबाईलवर फोटो आले तर कॅमेरा निर्दोष सुटला, आता फक्त पहिल्या मोबाईलकडं बघायचं. दुसऱ्यावरही आले नाहीत तर संशय कॅमेऱ्यावर किंवा त्यातल्या जुन्या नोंदींवर.

अ‍ॅप योग्य तेच घ्या. कंपन्यांनी नावं बदलली आहेत, त्यामुळे गोंधळ फार होतो. कॅननचं कॅमेरा कनेक्ट, निकॉनचं स्नॅपब्रिज, जुन्या निकॉनला वायरलेस मोबाईल युटिलिटी. सोनीचं आधी प्लेमेमरीज मोबाईल होतं, मग इमेजिंग एज मोबाईल झालं, आता नव्या मॉडेलांना क्रिएटर्स अ‍ॅप. फुजीफिल्मचं जुनं कॅमेरा रिमोट, नवं एक्सअ‍ॅप. पॅनासॉनिकचं जुनं इमेज अ‍ॅप, नंतरचं लुमिक्स सिंक. तुमचं मॉडेल कोणत्या अ‍ॅपवर चालतं हे कंपनीच्या संकेतस्थळावरच्या यादीत बघा. नावाशी मिळतीजुळती, जाहिरातींनी भरलेली भलतीच अ‍ॅपही असतात, म्हणून खाली प्रकाशक म्हणून कंपनीचंच नाव आहे याची खात्री करा.

जुनी ओळख पुसून नव्यानं करा

मोबाईल बदलला, अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, कॅमेरा रीसेट केला, किंवा कॅमेरा जुन्या बाजारातून घेतला, तर हे करावंच लागतं. जोडणीच्या वेळी कॅमेरा आणि मोबाईल एकमेकांना एक गुप्त किल्ली देतात. एका बाजूची किल्ली पुसली गेली आणि दुसरीकडं जुनीच राहिली की दोघं एकमेकांना नाव घेऊन बोलावतात, पण दार उघडत नाहीत. म्हणून फक्त मोबाईलमधून काढून भागत नाही. तीन ठिकाणांहून काढायचं, आणि क्रमही धरायचा.

आधी अ‍ॅपमध्ये जाऊन कॅमेरा काढून टाका. मग मोबाईलच्या ब्लूटूथच्या यादीतून कॅमेऱ्याचं नाव 'विसरा', आणि वायफायच्या यादीतूनही. त्यानंतर कॅमेऱ्याच्या मेनूत जोडलेल्या उपकरणांची यादी उघडून त्या मोबाईलचं नाव पुसा. दोन्ही बंद करा, कॅमेऱ्याची बॅटरी काढून परत घाला, दोन्ही चालू करा. आता नवी ओळख अ‍ॅपच्या आतूनच सुरू करा. मोबाईलच्या ब्लूटूथच्या यादीत जाऊन कॅमेऱ्यावर बोट ठेवू नका. हेडफोनला तसं करतो म्हणून सवयीनं इथंही केलं जातं. स्नॅपब्रिजसारख्या अ‍ॅपमध्ये त्या वाटेनं झालेली जोडणी अ‍ॅपला मानवत नाही. दोन्ही स्क्रीनवर आकडा दिसला तर तो एकच आहे हे बघून मगच दोन्हीकडं होकार द्या.

वायफायचा पासवर्ड चुकीचा म्हणत असेल तर कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर आत्ता दिसतो आहे तोच टाका. रीसेटनंतर पासवर्ड बदलतो, आणि मोबाईल जुनाच पाठवत राहतो. इंग्रजी ओ आणि शून्य, लहान एल आणि एक, यांत फसगत होते. क्यूआर कोड असेल तर तोच वापरा.

रीसेट, पण फक्त नेटवर्कचं

एवढ्यानं झालं नाही तर कॅमेऱ्यात 'नेटवर्क सेटिंग रीसेट' किंवा 'वायरलेस सेटिंग पुसा' असा पर्याय शोधा. तो फक्त वायफाय-ब्लूटूथच्या नोंदी पुसतो. 'सर्व सेटिंग रीसेट' त्याच्याच शेजारी असतं, त्याला हात लावू नका.

दोष मोबाईलकडं आहे असं ठरलं असेल तर मोबाईलमध्येही नेटवर्क रीसेट आहे. त्यानं घरच्या वायफायचे पासवर्ड आणि गाडी, हेडफोन वगैरे सगळ्या ब्लूटूथ जोडण्या जातात. मोबाईल दुसऱ्याचा असेल तर आधी हे सांगा, मगच करा.

फर्मवेअर

ही शेवटची घरगुती पायरी, आणि इथं जोखीम आहे. नवा मोबाईल आणि जुना कॅमेरा यांचं पटत नसेल तर कंपनीनं फर्मवेअरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, सुधारणा दिलेली असू शकते. फाइल फक्त कंपनीच्या संकेतस्थळावरून आणि नेमक्या मॉडेलची घ्या. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेली फाइल कधीही टाकू नका. ज्यात कामाचे फोटो नाहीत असं कार्ड वापरा. बॅटरी पूर्ण भरलेली आणि कंपनीचीच हवी. काम चालू असताना बटण, बॅटरीचं झाकण, कशालाही स्पर्श नाही, कारण मधेच वीज तुटली तर कॅमेरा पुन्हा उठेलच असं नाही. ज्या मॉडेलांत संगणक आणि वायर लागते, तिथं लॅपटॉपची बॅटरी भरलेली ठेवा. भारनियमनाच्या वेळेत डेस्कटॉपवर हे काम घेऊ नका. आणि उद्या लग्नाची ऑर्डर असेल तर आज फर्मवेअर नको.

तोवर काम थांबवू नका

मोबाईलला लावायचा टाइप-सी कार्ड रीडर प्रत्येक बॅगेत असावा. काही मोबाईलांत सेटिंगमध्ये जाऊन ओटीजी, म्हणजे बाहेरचं उपकरण जोडायची सोय, चालू करावी लागते. ६४ जीबी आणि त्याहून मोठी कार्डं एक्सफॅट या फाइल साठवायच्या पद्धतीची असतात, ती काही जुन्या मोबाईलांना वाचता येत नाहीत. अशा वेळी मोबाईल 'कार्ड खराब आहे, फॉरमॅट करा' असं विचारतो. कार्ड खराब नसतं. 'नाही' म्हणा आणि दुसऱ्या मोबाईलवर किंवा लॅपटॉपवर लावा.

इथं थांबा आणि तंत्रज्ञाकडं जा

दोन वेगवेगळे मोबाईल आणि एक लॅपटॉप, तिघांच्याही वायफायच्या यादीत कॅमेऱ्याचं नाव एक फुटावरूनसुद्धा येत नसेल, आणि नेटवर्क रीसेट व फर्मवेअर झालेलं असेल, तर पुढं घरी करण्यासारखं काही उरत नाही. कॅमेरा पडल्यानंतर किंवा पावसात भिजल्यानंतर वायफाय गेलं असेल तर वरच्या पायऱ्यासुद्धा करत बसू नका. धातूच्या अंगातून लहरी जात नाहीत, म्हणून अँटेना प्लॅस्टिकच्या भागाखाली बसवतात, आणि तिची बारीक वायर धक्क्यानं सुटू शकते. भिजलेला कॅमेरा चालू करून बघणं तर फारच वाईट, आत ओल असताना वीज खेळली की बोर्ड जातो. बॅटरी फुगलेली दिसली, वायफाय लावताच कॅमेरा बंद पडू लागला, किंवा दोन वेगळ्या रीडरवरही कार्ड वाचलं जाईना, तरी थांबा. कार्डाच्या बाबतीत तर त्यावर एकही नवा फोटो काढू नका, नाहीतर जुने परत मिळण्याची आशा कमी होत जाते.

स्क्रू खोलून बघू नका. अंगचा फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यात कपॅसिटर असतो, त्यात बॅटरी काढल्यावरही सुमारे ३०० व्होल्टचा भार साठून राहू शकतो. तो झटका जीवावर बेतू शकतो. शिवाय एकदा उघडलेल्या कॅमेऱ्याची वॉरंटी कंपनी मानत नाही.

जवळचं अधिकृत सेवा केंद्र कोणतं ते कंपनीच्या संकेतस्थळावर बघा, खरेदीचं बिल आणि सिरीयल नंबर सोबत ठेवा, कार्ड आणि बेल्ट काढून घरी ठेवा. पावतीवर 'वायफाय चालत नाही' एवढंच लिहून घेऊ नका. दोन मोबाईल आणि लॅपटॉपला एक फुटावरून नेटवर्क दिसत नाही, नेटवर्क रीसेट आणि फर्मवेअर झालेलं आहे, कॅमेरा पडला होता की नाही, हे सगळं लिहून घ्या, म्हणजे तंत्रज्ञ तेच परत करण्यात वेळ न घालवता थेट आतल्या भागाकडं जाईल. खर्चाचा अंदाज कळवून होकार घेतल्याशिवाय काम सुरू करू नये, ही ओळही त्याच पावतीवर यायला हवी.